फिश थाळी खरंच चांगली आहे की नुसतीच नावाजलेली, ओळखायचं कसं?

कुंडईचा_सांगलीकर

नमस्कार मंडळी, मी मूळचा सांगलीचा, नोकरी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आणि बिऱ्हाड फोंड्यात. गोव्यात घर आहे म्हटल्यावर पाहुण्यांना काय तोटा, मे महिना असो नाहीतर दिवाळी, कोणी ना कोणी बॅग घेऊन दारात हजर, आणि सगळ्यांची फर्माईश एकच, बीच नंतर बघू आधी चांगली फिश थाळी खायला घाल. मग मी मोबाईल काढतो, साडेचारच्या वर रेटिंग असलेलं हॉटेल शोधतो आणि सगळ्यांना गाडीत कोंबून नेतो. बऱ्याचदा पोपट होतो.

परवा बहीण आणि दाजी आले होते, त्यांना किनाऱ्याकडच्या एका फार गाजलेल्या ठिकाणी नेलं, नाव घेत नाही. तासभर बाहेर ताटकळलो. आत इसवण (सुरमई) फ्राय एकदम कुरकुरीत, फोटो पण भारी आले, पण भातावर घ्यायला जी करी आली ती म्हणजे नुसतं हळदीचं पाणी, ना आंबटपणा ना खोबऱ्याची चव. बिल बघून दाजी म्हणाले, मासा राहू दे, आपल्यालाच तळलंय. उलट फोंड्यात एका गल्लीत साधी खानावळ आहे, चार-पाच टेबलं, रेटिंगबिटिंग कोणी देत नाही, तिथं निम्म्या पैशात जेवलो आणि दाजी करीच मागून मागून घेत होते.

आता खरी अडचण सांगतो. आमची जीभ झणझणीत रश्श्यावर वाढलेली, त्यामुळं एखादी करी फिकी लागली तर ती खरंच बेकार आहे का इथं तशीच असते आणि आम्हालाच कळत नाही, हे समजतच नाही. इथल्या जुन्या लोकांनी सांगा, हॉटेलात बसल्यावर तुम्ही काय बघता? कशावरून कळतं की आत कोणीतरी मन लावून रांधतंय? आणि पुढच्या आठवड्यात आई-वडील येतायत, आईचा गुरुवार असतो, त्या दिवशी कुठं न्यायचं तेही सुचवा.

म्हापशाचो

दादा, पहिली गोष्ट म्हणजे फ्राय बघून हॉटेल ठरवायचं नाही. रवा लावून कडक तेलात सोडला की आजचा मासा काय नि परवाचा काय, वरून सगळे सारखेच दिसतात. रेशाद भरला असेल तर विचारूच नका, मिरची आणि व्हिनेगरच्या त्या मसाल्यात वास कुठं सापडणार.

मी थाळी आली की आधी नुसता भात आणि कडी, म्हणजे तुमची करी, खातो, बाकी कशाला हात लावत नाही. शीत-कडी हेच तर आमचं रोजचं जेवण, बाकीच्या वाट्या मागाहून. कडी जमली असेल तर बांगडा बारका असला तरी जेवण होतं, आणि कडी बिघडली तर वर चणक ठेवा नाहीतर शेवंड ठेवा, मला तरी जात नाही. खोबरं बारीक वाटलेलं पाहिजे, जिभेवर चरचरीत लागता कामा नये. भातावर घातली की भातात मुरली पाहिजे, पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे झाला तर समजा वाटण घाईत काढलंय किंवा सकाळपासून तिसऱ्यांदा गरम केलीय. आणखी एक प्रकार हल्ली दिसतो, कडी चकचकीत आणि चिकट, गार झाली की वर जाड साय धरते. तिथं खोबरं कमी आणि पीठ जास्त असतं.

तुमच्या जिभेचं म्हणाल तर घाबरू नका. आमची कडी डोळ्यांतून पाणी काढत नाही हे खरं पण ती फिकी पण नसते. पहिल्या घासाला आंबट लागते, मग खोबऱ्याचा गोडवा येतो आणि तिखट सगळ्यात शेवटी घशात कळतं. यातलं काहीच लागलं नाही तर सांगलीची जीभ बरोबर आणि हॉटेल चूक.

भात सांगताना उकडा आहे का विचारा. बहुतेक ठिकाणी न विचारता पांढरा सुरयच वाढतात, पण जिथं दुपारी आसपासच्या ऑफिसातले, कोर्टातले, बँकेतले लोक जेवतात तिथं उकडा असतोच कारण त्यांना तोच लागतो. नाही म्हणाले तर हॉटेल वाईट आहे असं नव्हे, पण गिऱ्हाईक कोण आहे ते कळतं.

रेटिंगचं असं आहे की ते देणारे निम्मे लोक तीन दिवसांसाठी आलेले असतात, समुद्राच्या मूडमध्ये असतात, एसी कसा होता पार्किंग होतं का वेटर हसला का यावर पाच तारे देऊन विमानात बसतात. मी सरासरी आकडा बघतच नाही, सरळ जून-जुलैमधले रिव्ह्यू काढून वाचतो. पावसाळ्यात ज्याचं बरं लिहिलंय तो बाकीच्या महिन्यांत चांगलाच असणार.

टुरिस्ट जातात म्हणून हॉटेल वाईट असंही काही नाही हां. पणजीत १८ जून रस्त्यावर रिट्झ क्लासिकमध्ये दुपारी एक वाजता जाऊन बघा, अर्धे बाहेरचे अर्धे पणजीतले ऑफिसवाले, सगळे उभे, अनोळखी माणसासोबत टेबल वाटून घ्यावं लागतं. आसगावचं विनायक, फोंतेन्हासकडचं आनंदाश्रम, ही पण त्यातलीच. पण तुमच्या गल्लीतली ती खानावळ सोडू नका, आणि नाव इथं लिहू पण नका, उद्या आम्हाला जागा मिळायची नाही.

डिचोलीची_सून

वर कडीचं अगदी बरोबर लिहिलंय पण अर्धंच लिहिलंय. हॉटेलात काय करतात, सकाळी एक मोठं टोप ग्रेव्हीचं करून ठेवतात आणि मग त्यातच आज बांगडा सोड उद्या सुंगटं (कोळंबी) सोड परवा इसवण, सगळ्याला चव एकच. घरी कोणी असं करत नाही हो. बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे नारळाच्या कडीला, तिरफळं पाहिजेत आणि सोलं (आमसुलं), तारल्यांना पण तिरफळं चालतात कारण मासा तेलकट, पण सुंगटांच्या हुमणात आमच्याकडे तिरफळ घालत नाहीत, तिथं कैरीची तोर नाहीतर आंबाडे, ही आंबट फळं. उड्डमेथी करायची तर उडीद आणि मेथी वाटणात यायलाच पाहिजे, मेथी नेमकी भाजली नाही की सगळं कडू. मोरीचं (शार्क माशाचं) आंबट-तिख तर वेगळीच तऱ्हा, त्यात नारळ शोधत बसू नका. प्रत्येक माशाचं आंबट ठरलेलं आहे आणि ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच स्वयंपाक येतो असं मी म्हणेन.

म्हणून मी हॉटेलात बसले की वेटरला एकच विचारते, आज हुमण कसलं? तो नुसता "फिश करी मॅडम" म्हणाला की मी समजून जाते, एक टोप. आणि "आज बांगड्याचं, तिरफळां घालून" असं म्हणाला की निवांत बसते. किती वेळा तर पोऱ्याला माहीत नसतं म्हणून तो आत ओरडून विचारतो आणि आतून कोणी बाई काय ते सांगते, मला तर ते फार आवडतं, म्हणजे आत बाई आहे आणि तिला माहीत आहे.

तिसऱ्यांचं सुकं असेल तर खाऊन बघा. दाताखाली वाळू करकरली तर तिसऱ्या नीट धुतल्या नाहीत, पाण्यात ठेवून वाळू सोडू दिली नाही. आता जो तिसऱ्या धुवायचा कंटाळा करतो तो पालेभाजी तरी धूत असेल का, सांगा. न उघडलेली शिंपली ताटात आली तर ती बाजूला काढा, ओढून उघडून खाऊ नका. किसमूर पण बघायचं, सुका जवळा आणि खोबरं आयत्या वेळी कालवलं तरच कुरकुरीत राहतं, सकाळी कालवून ठेवलं की दुपारपर्यंत लगदा. ही एवढीशी वाटी असते, गिऱ्हाईक तिचे पैसे वेगळे देत नाही, फोटो पण काढत नाही, म्हणूनच मी आधी तिच्यात बोट घालते.

आणि सोलकढी फार भडक गुलाबी असेल तर मी पीत नाही. आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, नारळाचा रस घातला की रंग फिकाच येतो.

बिअर_आणि_बांगडो

अरे बाबांनो तुम्ही जेवायला जाता का शाळा तपासायला?? वेटरची तोंडी, किसमुराचं प्रॅक्टिकल, सोलकढीचा रंग... तोपर्यंत मासा गार होतो. मी जातो, थंड बिअर सांगतो, बांगडो रेशाद सांगतो, खातो, घरी येऊन झोपतो. आजपर्यंत जिवंत आहे.

म्हापशाचो

@बिअर_आणि_बांगडो तू बिअरसोबत चप्पल तळून दिली तरी खाशील, तुझं मत धरत नाहीत इथं 😄

अंत्रुजचो_हॉटेलवालो

मी स्वतः फोंडा बाजूला छोटं हॉटेल चालवतो, नाव लिहीत नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो, म्हणजे सांगलीकरांना रेटिंगपेक्षा जास्त उपयोग होईल.

थाळीचा दर बोर्डावर रंगवलेला असतो, तो रोज बदलता येत नाही, पाच-दहा रुपये वाढवले तरी नेहमीचं गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. पण मासळीचा दर मात्र रोज सकाळी वेगळा, वारा सुटला ट्रॉलर बाहेर गेले नाहीत की दीडपट. मग फरक कुठून काढायचा? फ्रायचा पीस लहान केला तर गिऱ्हाईकाला लगेच दिसतो, पहिला फोटो त्याचाच असतो. म्हणून पीसला सहसा कोणी हात लावत नाही. हात लागतो तो कडीला. कडी पुन्हा पुन्हा मोफत वाढायची असते, मोठ्या टोपात दोन नारळ कमी घातले तर कोण मोजायला येतंय. त्यात २०२५ मध्ये नारळ कुठल्या कुठे गेला ते तुम्ही बाजारात बघितलंच असेल, तेव्हापासून तर बऱ्याच ठिकाणच्या कड्या पातळ झाल्या. म्हणजे वर म्हापशेकरांनी जे लिहिलंय ते अनुभवाने लिहिलं असेल पण त्यामागे सरळ हिशोब आहे, मालक पैसे वाचवतो की नाही हे फ्रायमध्ये कधीच दिसत नाही, कडीत दिसतं. ज्याला विचारायचं त्याने दुसऱ्यांदा कडी मागून बघावी. पहिल्या वाटीपेक्षा दुसरी पातळ आली तर आत दोन भांडी आहेत समजा.

दुसरं म्हणजे बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई, ६१ दिवस, आपल्याकडेही आणि कारवारकडेही. मग हॉटेलात मासे येतात कुठून असं कोणीच विचारत नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या बोटी सुटतात आणि ट्रक भरून बर्फातली मासळी इकडे येते. ती वाईटच असते असं नाही पण ती दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेली असते हे खरं. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारावरून फॉर्मेलिनचं प्रकरण पेटलं, सरकारने काही दिवस बाहेरची मासळीच अडवली, तेव्हा आमच्याकडे लोक यायचे आणि मेनू हातात घ्यायच्या आधी मासा कुठला ते विचारायचे. नंतर विसरले सगळे. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलात तर मी स्वतःच सांगतो की इसवण नको, नदीचं घ्या, शेवटे आलेत काळुंद्रां आलीत, नाहीतर सरळ किसमूर आणि सुक्या बांगड्यावर जेवा, पावसात तेच गोड लागतं. जो मालक भर जुलैत पण छापील मेनूतले सगळे मासे "आहेत" म्हणतो त्याच्याकडे फ्रीजर मोठा आहे, एवढं ध्यानात घ्या.

इसवणाबद्दल एक. इसवणाच्या नावावर दुसऱ्याच माशाची कापं खपवणारे आहेत आमच्या धंद्यात, खोटं कशाला बोलू. इसवणाच्या कापात मधला काटा सोडला तर घास घेताना फारसं काही टोचत नाही आणि मांस घट्ट असून पदर पदर सुटतं. मोडसो दिला तर वाईट नाही, चांगला मासा आहे, पण मोडसो म्हणून द्यावा आणि मोडशाचे पैसे घ्यावे.

आणि डिचोलीच्या ताई, एक टोप सगळेच ठेवतात असं नाही, पण दुपारच्या दोन तासांत शंभर माणसं जेवून जाणार असतील तर चार प्रकारची हुमणं करायला माणसं कुठून आणू? आचारी ओडिशाचा, हाताखालचे नेपाळचे, त्यांना आईच्या वाटणाचं माप वाटीने शिकवलंय. रोज एकच हुमण करतो पण त्या दिवशीच्या माशाचं करतो, यापेक्षा जास्त मला झेपत नाही.

डिचोलीची_सून

@अंत्रुजचो_हॉटेलवालो मग तुमच्यावर रागच नाही भाऊ. एकच पण त्या दिवशीच्या माशाचं, हेच तर म्हणतेय मी. पत्ता मेसेज करा.

गोळ्याऔषधंवाली

माझं मेडिकल स्टोअर आहे त्यामुळे मी दुसऱ्या टोकाला बसते, तुम्ही जेवून झाल्यावर माझ्याकडे येता. एक गोष्ट सांगते जी कोणी मनावर घेत नाही. बांगडा, तारले, कुपा (ट्यूना) असले मासे पकडल्यानंतर उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही तळलं उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं, आणि मग लोक येऊन सांगतात की मला बांगड्याची अॅलर्जी झाली. दरवेळी अॅलर्जीच असते असं नाही, तो मासा नीट ठेवलेला नसतो. त्यामुळे पहिल्या घासालाच जिभेला चुरचुर किंवा मिरी खाल्ल्यासारखं वाटलं आणि मसाला तर तिखट नाही, तर मुकाट्याने ताट बाजूला सारा, पैसे गेले तर गेले. आणि श्वास घ्यायला त्रास झाला किंवा ओठ सुजले तर माझ्याकडे नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

तेलाचं पण. वापरून वापरून तेलात जी घाण साठते, टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकायचं असा एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपण काही मीटर घेऊन जात नाही, पण फ्राय काळपट आलाय, रव्याच्या आत कडवट लागतंय, तोंडाला ओशट थर बसलाय, एवढं कळायला मीटर लागत नाही.

बिल बघायची सवय लावा. दाजींना तळलं म्हणालात म्हणून लिहिते. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, बिअर वगैरे घेतली तर दारू जीएसटीत येत नाही, तिचा व्हॅट वेगळा. किनाऱ्याकडे बिलाच्या खाली "सर्व्हिस चार्ज" म्हणून दहा टक्के गुपचूप जोडलेले असतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की तो आपोआप बिलात घालता येत नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले पण दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाच्याच बाजूने निकाल दिला. काढा म्हटलं की बहुतेक वेळा काढतात, नाही काढला तर १९१५ ला फोन. वेटरला द्यायचे ते हातात द्या ना, त्याला तरी मिळतील.

बिअर_आणि_बांगडो

सर्व्हिस चार्जचं माहीत नव्हतं. बाकी तुमचा हिस्टामिन वाचून आज बांगडा सांगताना हात अडला, थँक्यू हां 😑 चणक खाल्ला.

कुंडईचा_सांगलीकर

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. रविवारी बायकोला घेऊन दोन ठिकाणी "आज कडी कसली" विचारून बघितलं. पहिल्या ठिकाणी पोरगा म्हणाला "करी कॉमन आहे सर, फिश तुमच्या चॉइसचा", बायकोने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही पाणी पिऊन उठलो. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या काकांनी उलटं मलाच विचारलं, आंबाडे घालून सुंगटांची आहे, चालेल ना, तुम्ही बाहेरचे दिसता. चालेल काय, धावली. त्यांना आंबाडे चोखून खायचे असतात हे पण त्यांनीच सांगितलं, मी वाटीच्या कडेला काढून ठेवत होतो. कडी दोनदा मागितली, दोन्ही वेळा सारखीच दाट आली. तिखट आमच्या हिशोबाने कमीच पण आता त्याचं वाईट वाटलं नाही.

फ्राय मात्र बेताचा होता, रवा सुटत होता आणि मीठ कमी. आता अशा हॉटेलला काय म्हणायचं, पास का नापास? वडिलांना तळलेलाच मासा लागतो, करीतला खाताना काट्याला घाबरतात. आणि गुरुवारचं राहिलं बरं का.

अंत्रुजचो_हॉटेलवालो

पास. फ्रायचं रोज बदलतं, तव्यावर कोण उभा आहे त्यावर असतं, रविवारी गर्दी असेल तर तेल तापायच्या आत मासा पडतो आणि रवा सुटतो. सोमवारी सोडून कुठल्याही दिवशी पावणेएकच्या सुमारास जा, तोच मासा बघा कसा येतो. सोमवारी आमच्यासारख्या बऱ्याच घरांत शिवराक (शाकाहारी) त्यामुळे हॉटेलात नुस्तें (मासळी) कमी खपतं, मग मालक पण कमी आणतो नाहीतर रविवारचं उरलेलं असतं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खपाचे दिवस, माल फिरता असतो.

वडिलांना लेपो द्या रवा फ्राय, काटा मधोमध सरळ, बाजूचं मांस उचलून घेतलं की झालं. नाहीतर मुड्डोशी, मऊ असते, म्हाताऱ्या माणसांना आवडते.

डिचोलीची_सून

गुरुवारसाठी मासळीच्या हॉटेलात "व्हेज थाळी पण आहे" असं लिहिलेलं असतं तिथं आईंना नेऊ नका. कारण तेल एकच असतं. पापड, बटाट्याची कापं, नीरफणसाची कापं, सगळं त्याच कढईत, आणि उपास-व्रत पाळणाऱ्या बाईला ते सांगितलं नाही तर आपल्यालाच बरं वाटत नाही. पूर्ण शिवराक हॉटेलातच जा. तुम्ही फोंड्यात आहात म्हणजे मंगेशी-म्हार्दोळ पंधरा-वीस मिनिटांवर, देवदर्शन पण होईल आणि त्या बाजूला शिवराक जेवण मिळतं. तोणाक असेल तर मागा, आळसांद्याचं किंवा मशरूमचं, तुमच्या सांगलीच्या उसळीपेक्षा फार लांब नाही, खोबरं भाजून वाटलेलं असतं म्हणून आईंना परकं वाटणार नाही. खतखतें (भाज्यांची मिसळ) मिळालं तर नशीब, ते बहुतेक सणावारीच. गोड विचाराल तर मणगणें.

पारख करायची तर इथं पण कडीसारखंच, तोणाकाचा रस बघा. वाटाणे एकीकडे आणि रस्सा एकीकडे असेल तर वाटण नंतर वरून ओतलंय.

म्हापशाचो

आणि सकाळचं जेवणावर ढकलू नका, नाश्ता बाहेर करा. पणजीला येणार असाल तर कॅफे तातो, कॅफे भोंसले, भाजी-पाव सांगायचा, पातळ भाजी आणि सुकी भाजी मिक्स करून मागायची, सोबत मिर्ची नाहीतर बन. तिथं पारखायचं ते पावावरून. पोदेर म्हणजे पाववाला सकाळ-संध्याकाळ फिरतो, त्यामुळे नऊच्या आत गेलात तर पाव ताजा, अकरा वाजता गेलात तर तोच पाव ओढावा लागतो आणि दोष भाजीला देता. वडिलांना संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट खायला घाला, वर शागोतीचा (मसालेदार चिकनचा) रस ओततात, चिरलेला कांदा, लिंबू. ज्या गाड्यावर कांदा तुमच्यासमोर चिरतात तिथं थांबा.

तिखट पण असतं ते, सांगलीकरांचा प्रश्नच मिटला.

कुंडईचा_सांगलीकर

@म्हापशाचो रस ऑम्लेट आम्हाला माहीत आहे, बायको आठवड्याला खाते, तिला फक्त गाड्यावर खुर्ची पाहिजे असते 😀

मंगेशीचं पक्कं केलं. लेपो पण लिहून घेतला. एकच विचारतो, गुरुवारी मंगेशीला किती वाजता निघू? आईला उन्हात चालवत नाही.

डिचोलीची_सून

नऊला निघा. दर्शन करून साडेअकरापर्यंत जेवायला बसा, बारानंतर टुरिस्ट बसेस येतात मग ना पार्किंग ना टेबल.